फीडबॅकमध्ये ३.४ आले, म्हणजे मी वाईट शिकवते का?

पत्र :

ताई, मी कॉलेजात सेकंड इयरला स्टॅटिस्टिक्स शिकवते. नोकरीचं तिसरं वर्ष आहे, अजून कन्फर्म झालेले नाही. माझ्याकडे दोन डिव्हिजन आहेत, दोन्हीकडे त्याच नोट्स, तेच सम्स, पेपरही एकच. या सेमिस्टरच्या फीडबॅकमध्ये ए डिव्हिजनने मला ५ पैकी ४.१ दिले आणि बी ने ३.४. ए मध्ये ५५ पैकी ४६ जणांनी फॉर्म भरला होता, बी मध्ये ५८ पैकी फक्त ११ जणांनी. त्या ११ मध्ये दोघांनी ५, चौघांनी ४, तिघांनी ३ आणि दोघांनी सरळ १ दिलाय. एचओडी सरांनी बोलावून "बी डिव्हिजनचं काय झालं?" असं विचारलं, पुढच्या महिन्यात माझा रिव्ह्यू आहे. डिपार्टमेंटमधल्या एका सरांना दर वेळी ४.८ असतात, ते वर्गात खूप हसवतात आणि परीक्षेआधी काय येणार ते सांगून टाकतात. माझ्या कमेंट्स अशा आहेत : "फळ्यावरचं उतरवायच्या आत मॅम पुसतात", "चेकिंग फार स्ट्रिक्ट, मार्क का कापले कळत नाही", "मॅम कधी हसत नाहीत", "प्रोबॅबिलिटी डोक्यावरून गेली", आणि एक "मॅमना सब्जेक्टचं नॉलेज कमी आहे". ही शेवटची वाचून मी दोन रात्री झोपले नाही. या आकड्यांवर विश्वास ठेवायचा का? चेकिंग सैल करू का? रिव्ह्यूमध्ये काय सांगू? आणि वर्गात पोरांशी यावर बोलावं की गप्प बसावं? मला अहो-जाहो नको, तूच म्हणा.
– एक मॅडम

उत्तर :

बरं, तूच म्हणते. आणि पहिल्यांदा ते ३.४ घेऊन बसू, कारण झोप त्यानेच उडवलीये आणि त्या आकड्यात तुला वाटतंय तेवढा दम नाहीये.

दोन ५, चार ४, तीन ३, दोन १, बेरीज ३७, भागिले ११, आले ३.३६, त्याचे केले ३.४. आता ते दोन १ बाजूला ठेव. उरलेल्या नऊ जणांची सरासरी येते ३.८९. म्हणजे दोन पोरांनी, मग ती खरंच वैतागलेली असोत, घाईत असोत किंवा १ म्हणजे बेस्ट असं समजून बसलेली असोत (हे होतं बरं का, स्केल उलटी वाचणारे प्रत्येक वर्गात निघतात), तुझा आकडा अर्ध्या गुणाने खाली ओढलाय. आणि फॉर्म न भरलेले ४७ जण? त्यांनी सगळ्यांनी ४ दिले असते तर वर्गाची सरासरी ३.९ च्या आसपास गेली असती, सगळ्यांनी ३ दिले असते तर ३.१ च्या आत आली असती. म्हणजे तुझा खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेही असू शकतो आणि कदाचित बाहेरही. अगं तू स्टॅटिस्टिक्स शिकवतेस, ५८ पैकी ११ जणांचं सॅम्पल, तेही आपणहून पुढे आलेल्यांचं, एखाद्या पोराने प्रोजेक्टमध्ये आणलं असतं तर तू चालवून घेतलं असतंस का? नसतंस ना, मग स्वतःच्या बाबतीत का चालवून घेतेस?

ए आणि बी ची तुलना तर मुळातच करता येत नाही. एकीकडे जवळजवळ अख्खा वर्ग बोललाय, दुसरीकडे पाचातला एक. आपणहून फॉर्म भरणाऱ्यांत ज्यांना काहीतरी बोलायचंच आहे ते जास्त असण्याची शक्यता मोठी, खूप खूश असलेले किंवा खूप चिडलेले, आणि मधले "ठीकठाक आहे" वाले लिंक उघडतच नाहीत. हे फॉर्म वर्गात कागदावर भरून घेत तेव्हा हजर असलेला जवळपास प्रत्येक जण भरायचा, ते मोबाइलवर गेले आणि भरणाऱ्यांची संख्या जागोजागी घसरली, तरी आकडे वाचायची पद्धत मात्र तीच राहिली. सरासरीचं आणखी एक म्हणजे, अख्ख्या वर्गाने ३ दिले तरी ३ येतात आणि अर्ध्यांनी १ नि अर्ध्यांनी ५ दिले तरी ३ च येतात. पहिला वर्ग कंटाळलाय आणि दुसऱ्यात काहीतरी पेटलंय, दोन्हीकडे करायचं काम वेगळं आहे, पण अप्रेजलच्या एक्सेलमध्ये दोन्ही एकाच रांगेत बसतात.

पण मी हेही सांगते की असे फॉर्म म्हणजे नुसता लॉटरीचा खेळ असतो असं नाही. यावर १९२० च्या दशकापासून अभ्यास चालू आहे, अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीत हर्मन रेमर्स यांनी शिक्षकांसाठी रेटिंग स्केल बनवली होती तेव्हापासून. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर दाखवलं की पुरेशी मुलं असतील तर वर्गाची सरासरी बऱ्यापैकी स्थिर असते, २५ जणांच्या सरासरीची विश्वासार्हता (० म्हणजे काहीच भरवसा नाही, १ म्हणजे पूर्ण भरवसा) साधारण ०.९० निघते, १० जणांची ०.७४, आणि एकट्यादुकट्याचं मत घेतलं तर ०.२३ च्या आसपास. म्हणजे तुझ्या ए डिव्हिजनचे ४.१ हा आकडा पक्का धर. उद्या त्याच पोरांना परत विचारलंस तरी जवळपास तेवढाच येईल.

खरी गोम इथून पुढे आहे. आकडा स्थिर आहे, मान्य, पण तो नेमकं काय मोजतोय? वजनकाटा रोज न चुकता दोन किलो जास्त दाखवत असेल तर तोही स्थिरच असतो.

तुझी ती झोप उडवणारी कमेंट घे, "सब्जेक्टचं नॉलेज कमी आहे". जो विषय आपण आयुष्यात पहिल्यांदा शिकतोय त्यात समोरच्याला किती येतं हे आपल्याला कसं कळणार? कळत नाही, आणि हे फक्त पोरांचं नाही, मोठमोठ्यांचंही होतं. अमेरिकेत १९७० च्या सुमारास एका ट्रेनिंग कॉन्फरन्समध्ये डॉ. मायरन फॉक्स नावाचे पाहुणे आले, गणितातली गेम थिअरी डॉक्टरांच्या शिक्षणाला कशी लावायची यावर लेक्चर दिलं, प्रश्नोत्तरंही घेतली. ऐकणारे सायकिअॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, सगळी शिकलेली माणसं. लेक्चरनंतर फॉर्म भरून घेतले तर बहुतेकांनी छान म्हटलं, विचार करायला लावणारं होतं म्हटलं. ते डॉक्टर फॉक्स म्हणजे एक अॅक्टर होता, त्याला विषयातलं काहीही येत नव्हतं, त्याला मुद्दाम विसंगत बोलायला, गोल गोल फिरायला, नवीनच शब्द तयार करायला आणि मध्ये मध्ये विनोद करून आत्मविश्वासाने दडपून न्यायला शिकवलं होतं. नंतर त्याच लेक्चरचा व्हिडिओ आणखी दोन गटांना दाखवला, तिथेही तेच. तिन्ही मिळून ५५ जण, आणि १९७३ मध्ये हे मेडिकल शिक्षणाच्या जर्नलमध्ये छापून आलं. प्रयोग छोटा होता आणि त्यावर नंतर टीकाही पुष्कळ झाली, तेव्हा यावरून सगळंच बोगस असं मी म्हणणार नाही. पण "शिक्षकाचं विषयाचं ज्ञान" हा प्रश्न फॉर्ममध्ये असेल तर त्याचं उत्तर बऱ्याचदा आवाजाचं, आत्मविश्वासाचं, उभं राहण्याच्या पद्धतीचं मिळतं. १९९३ मध्ये अंबाडी आणि रोझेन्थल या दोघांनी तर हार्वर्डमधल्या शिक्षकांच्या आवाज बंद केलेल्या दहा-दहा सेकंदांच्या तीन क्लिप अनोळखी लोकांना दाखवल्या, आणि त्या अर्ध्या मिनिटावरून त्यांनी दिलेली मतं सेमिस्टरच्या शेवटी खऱ्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या रेटिंगशी चांगलीच जुळली. एक शब्द न ऐकता! म्हणून ती कमेंट तू सोडून दे, अगदी मनापासून सांगते, ती तुझ्या ज्ञानाबद्दल नाहीये. फार तर तू उत्तर देताना अडखळतेस का, "बघून सांगते" हे खाली मान घालून म्हणतेस का, एवढंच त्यातून तपासून बघ.

आता मोठा प्रश्न, जास्त रेटिंग म्हणजे मुलं जास्त शिकली का? बरीच वर्षं उत्तर "हो, बऱ्यापैकी" असं दिलं जायचं. १९८१ मध्ये कोहेन यांनी एकाच कोर्सच्या वेगवेगळ्या तुकड्यांवरचे अभ्यास एकत्र केले आणि शिक्षकाचं रेटिंग नि मुलांचे मार्क यांच्यात ०.४३ चा संबंध काढला (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी), आणि तो आकडा पुढे सगळीकडे वापरला गेला. मग २०१७ मध्ये उत्तल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच सगळं परत उकरून काढलं, त्यांना दिसलं की मोठमोठे संबंध दाखवणारे अभ्यास बहुतेक अगदी थोड्या तुकड्यांवर केलेले होते, आणि फक्त मोठे अभ्यास घेऊन पाहिले तर संबंध जवळजवळ शून्यावर येतो. तू हा विषय शिकवतेस, छोट्या सॅम्पलचा हा खेळ तुला मी काय समजावणार.

पण मला विचारशील तर सगळ्यात जास्त डोळे उघडणारा अभ्यास आहे तो अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीचा, कॅरेल आणि वेस्ट यांचा, २०१० चा. तो नीट समजून घे कारण रिव्ह्यूमध्ये कामाला येईल. इतर कॉलेजात असा अभ्यास करणं अवघड का, तर पोरं आपापल्या आवडीचा शिक्षक निवडतात, प्रत्येक शिक्षक आपला पेपर आपण काढतो आणि आपणच तपासतो, मग कोण चांगलं शिकवतं आणि कोण नुसते मार्क वाटतं हे वेगळं करताच येत नाही. तिथे मात्र कुठला विद्यार्थी कुठल्या तुकडीत जाणार हे रँडम ठरतं, सगळ्यांना तोच सिलॅबस, तोच पेपर, आणि गणिताच्या पेपरात तर एक शिक्षक एकच प्रश्न सगळ्यांच्या पेपरांतला तपासतो, म्हणजे आपल्या पोरांना झुकतं माप द्यायला जागा नाही. वर पुढचे कोर्स कम्पल्सरी, त्यामुळे आज शिकवलेलं पुढे टिकलं का हेही बघता येतं. आणि निघालं काय? कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्समध्ये नवख्या शिक्षकांच्या पोरांना त्या वेळी मार्क जास्त आणि एकूणच ज्यांच्या पोरांना लगेचचे मार्क चांगले त्यांना रेटिंगही चांगलं. अनुभवी शिक्षकांच्या पोरांना त्या वेळी मार्क कमी, पण पुढच्या कोर्समध्ये तीच पोरं सरस. रेटिंगचा आत्ताच्या मार्कांशी संबंध सरळ आणि पुढच्या कोर्सच्या मार्कांशी उलटा! म्हणजे परीक्षेपुरतं घोटून घेणारा शिक्षक त्या सेमिस्टरला आवडतो, आणि खोल खणून घेणाऱ्याची किंमत कळेपर्यंत फॉर्म केव्हाच भरून झालेला असतो. इटलीत बोकोनी युनिव्हर्सिटीतही २०१४ मध्ये असंच निघालं, आणि तिथे वर हेही दिसलं की हवामान खराब असेल त्या दिवशी मुलं रेटिंग कमी देतात.

याचा अर्थ तुमच्या ४.८ वाल्या सरांची पोरं शिकत नाहीत असा मात्र काढू नकोस. हसवणं हा गुन्हा नाही, वर्ग जागा ठेवणं ही मोठी कला आहे आणि त्यांच्या लेक्चरला जाऊन मागे बसलीस तर दोन गोष्टी तुला नक्की मिळतील. परीक्षेआधी प्रश्न सांगणं हे मला पटत नाही, अजिबात पटत नाही, पण त्यांचं रेटिंग हसवण्यामुळे आहे, प्रश्न फोडण्यामुळे आहे की खरंच चांगलं शिकवण्यामुळे, हे ४.८ या आकड्यावरून तुला सांगता येणार नाही, जसं तुझ्या ३.४ वरून तुमच्या एचओडींना काही सांगता येणार नाही. दोन्हीकडे न्याय एकच लाव.

"प्रोबॅबिलिटी डोक्यावरून गेली" ही कमेंट जरा वेगळ्या नजरेने बघायला हवी. शिकताना डोक्याला त्रास झाला की माणसाला वाटतं आपल्याला काही आलंच नाही, आणि समोरचा सफाईने बोलत गेला की वाटतं वा, सगळं कळलं. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या सुरुवातीच्या कोर्सवर हे करून बघितलंय, २०१९ मध्ये छापून आलं. काहींना छान घोटीव लेक्चर दिलं, काहींना तेच साहित्य देऊन आधी गटात बसून स्वतः झगडायला लावलं, मग उत्तर समजावलं. टेस्टमध्ये झगडणारे पुढे, पण "किती शिकलो असं वाटतं" विचारलं तर लेक्चरवाले पुढे. तेव्हा तू जर पोरांकडून सम्स करून घेत असशील, फळ्याकडे पाठवत असशील, तर थोडा रोष येणारच. पण त्याच अभ्यासात उपायही आहे, सेमिस्टरच्या सुरुवातीलाच पोरांना हे समजावून सांगितलं, आकडे दाखवले, की अडखळणं म्हणजे न शिकणं नव्हे, तर त्यांचा या पद्धतीकडे बघायचा दृष्टिकोन सुधारतो. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटं यावर घालव, वाया जाणार नाहीत. मात्र ही पळवाटही करू नकोस हां. कधी कधी प्रोबॅबिलिटी डोक्यावरून जाते कारण आपण कंडिशनल प्रोबॅबिलिटीवर एका उदाहरणावरून उडी मारलेली असते. कुठलं खरं आहे ते पेपर बघून कळेल, पोरं नेमकी कुठल्या पायरीला पडली ते काढ.

"मॅम कधी हसत नाहीत" बद्दल बोलायलाच हवं, आणि याबद्दल मला राग आहे तो लपवत नाही. सर हसले नाहीत तर ते शिस्तीचे, मॅम हसल्या नाहीत तर त्या खडूस. २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन कोर्सचा प्रयोग आला. दोन असिस्टंट शिक्षक, एक बाई एक पुरुष, आणि दोघांनी प्रत्येकी एक गट स्वतःच्या नावाने आणि एक गट एकमेकांच्या नावाने चालवला, पोरांनी चेहरा पाहिलेलाच नाही. असाइनमेंट तपासून सगळ्यांना एकाच वेळी परत दिल्या. तरी "काम वेळेत परत मिळतं का" याला पुरुषाच्या नावाला ४.३५ आणि बाईच्या नावाला ३.५५! तोच दिवस, तीच वेळ. प्रयोग ४३ विद्यार्थ्यांचाच होता, म्हणून एकट्या त्यावर मी फार भार टाकणार नाही, पण २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट युनिव्हर्सिटीतून जवळपास वीस हजार रेटिंगांचा अभ्यास आला, तिथेही मुलांना तुकड्या रँडम मिळतात, आणि बायकांना कमी रेटिंग, त्यातही तरुण बायकांना जास्त फटका, गणिताच्या कोर्समध्ये जास्त फटका, आणि मार्कांत मात्र फरक काहीच नाही. इतकंच काय, शिकवणारी बाई असेल तर सगळ्यांना सारखंच असलेलं पुस्तक नि साहित्यही पोरांना कमी आवडलं होतं. तरुण, बाई, आणि स्टॅटिस्टिक्स, तिन्ही तुला लागू आहे. यावर लगेच उपाय तुझ्या हातात नाही आणि मुद्दाम हसत बसू नकोस, पण तुझा आकडा वाचणाऱ्याला हे माहीत असायला पाहिजे.

आता चेकिंग. सैल करू नकोस. मार्क चांगले मिळणार असं वाटणारी मुलं रेटिंग चांगलं देतात हे खूप वर्षांपासून दिसतंय, कारणाबद्दल वाद आहेत, कोणी म्हणतं मार्कांनी खूश होऊन देतात, कोणी म्हणतं चांगलं शिकवल्यामुळे दोन्ही वाढतं, आणि बहुतेक दोन्ही थोडंथोडं खरं असावं. तू इंटर्नलला प्रत्येकाला चार-पाच मार्क जास्त वाटलेस तर कदाचित बी डिव्हिजनचा आकडा वर जाईलही. पण पुढच्या वर्षी त्याच पोरांना रिग्रेशन शिकवणारा जो कोणी असेल त्याच्या डोक्यावर तू तो भार टाकलेला असशील आणि पोरांची फसवणूक झाली ती वेगळीच. आणि एक बघ, ती कमेंट परत वाच. "चेकिंग फार स्ट्रिक्ट" एवढंच म्हटलेलं नाहीये, पुढे "मार्क का कापले कळत नाही" असंही आहे. पहिला भाग सोड, दुसरा भाग सोन्यासारखा आहे. सहा मार्कांचं सम असेल तर फॉर्म्युल्याला किती, किमती बरोबर घालण्याला किती, आकडेमोडीला किती, आणि शेवटी उत्तराचा अर्थ एका वाक्यात लिहिण्याला किती, हे टेस्टच्या आधी फळ्यावर लिहून दे. टेस्टनंतर नाव झाकून एक तपासलेला पेपर वर्गात दाखव, इथे दोन मार्क का गेले ते सांग. तेवढाच स्ट्रिक्टपणा ठेव, फक्त तो उघड्यावर आण.

आणि फळा! "उतरवायच्या आत पुसतात". अख्ख्या पत्रात मला ही कमेंट सगळ्यात मोलाची वाटली, कारण या बाबतीत पोरांइतका चांगला साक्षीदार जगात दुसरा नाही. विषयज्ञान त्यांना मोजता येत नाही, सिलॅबस योग्य आहे का ते सांगता येत नाही, आपण किती शिकलो याचाही त्यांना नीट अंदाज येत नाही. पण शेवटच्या बाकावर आवाज येतो का, अक्षर दिसतं का, मॅम वेळेवर येतात का, शंका विचारली तर अपमान होतो का, असाइनमेंट कधी परत मिळते, हे फक्त त्यांनाच माहीत असतं. फीडबॅकची खरी कमाई ही आहे. फळ्याचे उभे तीन भाग कर, तिसरा भरला की पहिला पुसायचा, पुसायच्या आधी मागे वळून बघायचं, झालं. असली गोष्ट एकाने जरी लिहिली तरी ऐकायची, तिथे सरासरी लागत नाही.

पण हे तुला सेमिस्टर संपल्यावर कळलं ही खरी अडचण आहे, त्या पोरांना त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून पुढच्या सेमिस्टरला कॉलेजच्या फॉर्मची वाट बघू नकोस. चौथ्या-पाचव्या आठवड्यात अर्धा कागद वाट, नाव नको, दोनच प्रश्न : शिकायला मदत होतेय असं काय, आणि अडथळा होतोय असं काय. आणि अधूनमधून लेक्चरच्या शेवटच्या दोन मिनिटांत "आज सगळ्यात कमी कळलेली गोष्ट कुठली" एवढं एका ओळीत लिहून घे. ही युक्ती फ्रेडरिक मोस्टेलर यांनी हार्वर्डमध्ये वापरून लोकप्रिय केली आणि ते स्वतः स्टॅटिस्टिक्सचेच, म्हणजे तुझ्याच घराण्यातले. ५८ चिठ्ठ्या चाळायला फार वेळ लागत नाही, आणि पुढच्या लेक्चरची सुरुवात त्यातल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या गोष्टीने केलीस की पोरांना दिसतं की लिहिल्याचा उपयोग होतो, मग शेवटचा फॉर्मही जास्त जण भरतात.

रिव्ह्यूला जाताना हात हलवत जाऊ नकोस आणि "रेटिंग फालतू असतात सर" असं तर चुकूनही म्हणू नकोस, कमी मार्क पडलेल्याने असं म्हटलं की ती तक्रार वाटते. एक पानच ने. त्यावर दोन्ही डिव्हिजनचं पूर्ण वाटप लिही, किती ५, किती ४, किती ३, शेजारी किती जणांनी भरलं ते. सरासरी लिहूच नकोस, त्यांना ती पाठ आहे. त्याखाली दोन्ही डिव्हिजनचे त्याच पेपरचे मार्क, पेपर एकच होता हे तुझं सगळ्यात मोठं बळ आहे. बी ची पोरं ए इतकंच शिकली असतील तर ते तिथे दिसेल, आणि नसतील तर मग तुझ्याइतकंच एचओडींनाही कळायला हवं की काहीतरी शोधायचंय, बी चं लेक्चर दुपारी शेवटचं असतं का, बॅकलॉगची पोरं तिकडे जास्त आहेत का. जमलं तर गेल्या वर्षीची तुझी पोरं पुढच्या पेपरला कशी होती ते त्या विषयाच्या शिक्षकांना विचारून घे. मग कमेंट्समधून तू घेतलेले दोन बदल. आणि शेवटी तूच सांग, सर, तुम्ही किंवा दुसरं कोणी सीनियर माझ्या बी डिव्हिजनच्या लेक्चरला येऊन बसा, आधी अर्धा तास माझ्याशी प्लॅनवर बोला आणि नंतर अर्धा तास बसून काय दिसलं ते सांगा. स्वतःहून हे मागणारा शिक्षक काही लपवत नसतो हे कुठल्याही एचओडीला कळतं.

त्यांनी तरी आकड्याचाच आग्रह धरला तर शांतपणे कॅनडाचं उदाहरण दे. टोरांटोतल्या रायर्सन युनिव्हर्सिटीत (आता तिचं नाव टोरांटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी आहे) यावरून शिक्षक आणि प्रशासनात वर्षानुवर्षं वाद चालला होता, तो लवादाकडे गेला, आणि २०१८ मध्ये लवाद विल्यम कॅप्लन यांनी निकाल दिला की प्रमोशन आणि कायम करण्याच्या निर्णयात शिकवण्याची परिणामकारकता मोजायला या सरासऱ्या वापरायच्या नाहीत. त्याच निकालात हेही म्हटलंय की विद्यार्थ्यांचा अनुभव महत्त्वाचा आहे, स्पष्ट बोलतात का, लेक्चर बुडवतात का, काम वेळेत परत देतात का हे त्यांनाच विचारा. मला हा निकाल फार समतोल वाटतो कारण त्याने पोरांचं तोंड बंद केलेलं नाही, फक्त त्यांना जे मोजता येत नाही ते त्यांच्यावर लादणं थांबवलंय. तुझी नोकरी तिथल्या निकालावर ठरणार नाही हे मलाही कळतं, तुमच्या नियमात फीडबॅकला किती वजन आहे ते आधी लेखी मागून वाच. पण हा विचार फक्त तुझा एकटीचा नाही, एवढं त्यातून सांगता येतं.

राहिला वर्गात बोलायचा प्रश्न. बोल. त्याच बॅचचा पुढचा एखादा पेपर तुझ्याकडे असेल तर पहिल्याच लेक्चरला, नसेल तर नव्या बॅचला सांग की गेल्या बॅचने असं लिहिलं होतं. पाच मिनिटांच्या वर नको. कोणी १ दिला याचा शोध घेऊ नकोस, चुकूनही टोमणा मारू नकोस, ती पोरं समोरच बसलेली असतात आणि एकदा का वाटलं की मॅम डूख धरतात की पुढच्या फॉर्मवर सगळे ४ टिक करून मोकळे होतील, मग तुला फळ्याबद्दलही कोणी सांगणार नाही. फळा आता असा वापरणार, मार्कांची वाटणी आधी देणार, आणि चेकिंग आहे तेवढंच कडक राहणार, एवढं सांगायचं, आणि कडक का राहणार ते दोन वाक्यांत. मग कोणी हात वर केला तर ऐकून घे, नाही केला तर सरळ पहिलं सम घाल.